पैठणीचा काठ रॉडवर जडवायचा असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सातपूरला टर्निंगच्या खात्यात काम करता, वडील लवकरच निवृत्त होताहेत आणि त्यांच्यासाठी मासेमारीचा सात फुटी कास्टिंग रॉड स्वतः बांधताय. त्यात तीन गोष्टी जडवायच्या आहेत. आईच्या विरलेल्या येवल्याच्या पैठणीचा काठ, एक मोरपीस आणि पितळी पट्टीतली ‘बाबा’ ही अक्षरं. रॉडच्या मूळ नळीला, म्हणजे ब्लँकला, बारीक खाच पाडून पट्टी बसवली तर चालेल का आणि हे सगळं पाण्यात टिकेल का, असं तुम्ही विचारलंय.

खाचेचं आधी सांगतो, कारण हात सुरू झाला असेल तर थांबवायला हवा. ब्लँकला खाच पाडू नका. नखाला लागेल एवढीसुद्धा नाही.

ब्लँक म्हणजे पोकळ नळी. तिची भिंत मुठीजवळसुद्धा मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, आणि त्यातले तंतू बहुतेक लांबीच्या दिशेने धावतात. रॉड वाकला की सगळ्यात जास्त ताण सगळ्यात बाहेरच्या तंतूंवर येतो, आतल्यांवर कमी. म्हणजे तुम्ही वरून अर्धा मिलिमीटर खरवडलात तर नेमके भार उचलणारे तंतू कापलेत. शिवाय खाचेच्या टोकाशी ताण गोळा होतो आणि तडा तिथूनच निघतो. तुम्ही लेथवर काम करता, शाफ्टच्या पायरीला गोलाई न देता धारदार कोपरा ठेवला तर तो तिथेच का तुटतो हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. इथे हिशोब तोच, फक्त लोखंडापेक्षा हा माल क्षमा कमी करतो.

मी स्वतः ही चूक केली आहे. सुरुवातीच्या काळात एका ब्लँकला मुठीच्या वर गोल कानशीने उथळ खड्डा केला आणि गोदावरीतल्या शिंपल्याचा तुकडा त्यात बसवला. दिसायला फार सुंदर झाला होता. दारणेवर दुसऱ्याच फेरीत चांगला मोठा कटला लागला, त्याने खोल पाण्याकडे पहिली धाव घेतली आणि रॉड शिंपल्यापाशीच दोन तुकडे झाला. मासा गेला त्याचं काही वाटलं नाही. रॉड मित्राचा होता, त्याचं आजही वाटतं.

तेव्हापासून मी ही गोष्ट अशी समजून घेतली आहे: सोनार कोंदण खणतो, आपण कोंदण भरून आणायचं. जी वस्तू जडवायची ती ब्लँकच्या पृष्ठभागावर ठेवायची आणि तिच्या भोवती धाग्याची गुंडाळी व इपॉक्सीचे (दोन भाग मिसळले की कडक होणाऱ्या पारदर्शक लेपाचे) थर चढवत चढवत पातळी तिच्याएवढी वर आणायची. शेवटी बोट फिरवलं तर काहीच लागू नये. डोळ्याला ती वस्तू आत बसलेली दिसते, ब्लँकला मात्र कुणी हातही लावलेला नसतो. खरोखर कोरून जडवायचं असेल तर त्यासाठी रील सीटचं (रील जिथे बसतं त्या बैठकीचं) लाकूड, कॉर्क आणि मुठीचं शेवटचं बूच या तीनच जागा आहेत. तिथे मनसोक्त कोरा.

दुसरा प्रश्न जागेचा. सात फुटी रॉड वाकतो तो मुख्यतः वरच्या भागात. मूठ आणि तिच्यापासून पहिल्या गाईडपर्यंतचा (दोरी ज्यातून जाते त्या कडीपर्यंतचा) भाग तुलनेने ताठ राहतो. सगळी सजावट या पट्ट्यातच ठेवा, त्याच्या पुढे गाईडच्या गुंडाळ्यांत जरीच्या दोन-तीन रेघा पुरेत. जाड इपॉक्सीचा थर ब्लँकला त्या जागी ताठ करतो आणि थर जिथे एकदम संपतो तिथे वाक एकवटतो. टोकाकडे वजन वाढलं तर फेकताना रॉड सुस्त होतो, आणि मरळीच्या हलक्या टोचणीची जाणीव हाताला उशिरा पोचते. वडील तो रॉड भिंतीवर लावणार नाहीत, वापरणार आहेत, हे गृहीत धरून मी सांगतोय.

आता काठ. तुमच्या तीन गोष्टींत ही सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात अवघड, म्हणून इथे जरा थांबतो.

मूठ अखंड करू नका, दोन भागांत करा. रील सीटच्या मागे छोटा कॉर्क, मग मोकळा ब्लँक, मग शेवटी कॉर्कचं बूच. मधला मोकळा भाग दहा ते पंधरा सेंटीमीटरचा मिळतो. तिथे तळहात घट्ट बसत नाही, ब्लँक जवळजवळ वाकत नाही आणि रॉड उभा केला की नजर तिथेच जाते. पैठणीची जागा ही. हाताच्या पकडीत कापड व इपॉक्सी आलं तर ओल्या हातातून रॉड सटकतो, म्हणून पकड कॉर्कचीच राहू द्या.

काठाचा कोणता तुकडा घ्यायचा हे घाईत ठरवू नका. हातमागावरच्या अस्सल पैठणीत नक्षी आडव्या धाग्यांनी, रंगागणिक वेगळ्या तिल्ल्या (धाग्याच्या छोट्या कांड्या) फिरवून, धागे एकमेकांत गुंतवत विणलेली असते. त्यामुळे मागची बाजू जवळपास पुढच्यासारखीच दिसते. तुम्ही पाठवलेल्या फोटोत काठाची दर्शनी बाजू घासून विटलेली आहे. उलटा करून बघा. पन्नास वर्षं आतल्या बाजूला राहिलेली जरीची तार बहुतेक वेळा जास्त ताजी असते. मी दोनदा उलटी बाजू वापरली आहे आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. पदराला मात्र कात्री लावू नका. पदर आईजवळच राहू द्या, काठाचा वीतभर तुकडा पुरेसा आहे.

जरीची तार काळवंडली असेल तर ती घासून चकचकीत करायच्या नादाला लागू नका. जुनी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली अत्यंत पातळ चपटी तार. घासलं की ती उसवते. मलमलीखाली कोमट इस्त्री फिरवून सुरकुत्या काढा, बस्स.

मग कापड कडक करायचं. काचेवर जाड प्लॅस्टिकचा कागद पसरा, त्यावर तुकडा ताणून ठेवा आणि कलर प्रिझर्व्हरचा पातळ हात द्या. हे पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक द्रावण असतं. ते धाग्यात मुरून वाळलं की इपॉक्सी आत शिरत नाही आणि रंग बदलत नाही. हे न करता थेट इपॉक्सी लावलं तर रेशीम पारदर्शक होतं, अंजिरी रंग काळपट दिसतो आणि खालचा ब्लँक डोकावतो. बांबूचे रॉड बांधणारे जुने कारागीर रेशमाचा हा गुण मुद्दाम वापरायचे, गुंडाळी जणू अदृश्य करायचे. आपल्याला इथे नेमकं उलट हवंय. तीन हात द्या, प्रत्येक पूर्ण वाळू द्या, शेवटच्या हातानंतर अख्खा दिवस थांबा. ओलावा राहिला तर इपॉक्सी वरून पापुद्र्यासारखी सुटते. सगळ्यात आधी कोपऱ्यातल्या बोटभर चिंधीवर करून बघा, कारण जुन्या रंगांचा भरवसा नाही, काही पाण्याने पसरतात.

वाळल्यावर कापड जाड कागदासारखं होतं आणि कापताना उसवत नाही. आता माप. तिथे ब्लँकचा व्यास १३ मिलिमीटर आहे असं धरलं तर परीघ ४१ मिलिमीटरच्या आत-बाहेर येतो. पण कापडाला स्वतःची जाडी आहे, त्यामुळे बाहेरचा परीघ दोन-अडीच मिलिमीटरने वाढतो. हे गणित कागदावर करू नका. तुकडा पाच-सहा मिलिमीटर जास्त ठेवून ब्लँकवर गुंडाळा, कडा एकमेकींवर चढू द्या, दोन्ही टोकांना तात्पुरता धागा बांधा आणि जिथे कडा चढल्या आहेत तिथल्या दोन्ही थरांत एकाच वेळी सरळ काप घ्या. नवं पातं, पट्टी आणि एकच हात. फक्त त्याआधी कापडाखाली ब्लँकवर पातळ पत्र्याची पट्टी सरकवा, नाहीतर पातं ब्लँकला ओरखडा पाडेल आणि मी वर खाचेबद्दल जे बोललो ते सगळं वाया जाईल. दोन्ही चिंध्या काढल्या की कडा केसभरही फट न राहता भिडतात. हा सांधा रॉडच्या खालच्या अंगाला ठेवा. कास्टिंग रॉडला रील वर असतं, म्हणजे रीलच्या बरोबर विरुद्ध बाजूला.

काठाची नक्षी रॉडच्या लांबीत धावू द्या. आडवी गुंडाळली तर मोर मोडतो, वेल मात्र चालते. बांगडी मोर (गोल बांगडीत बसवलेला मोर) असेल तर अख्खी एक बांगडी वरच्या बाजूला दिसेल असा तुकडा निवडा.

चिकटवताना पातळ इपॉक्सीचाच हलका हात ब्लँकला द्या, कापड बसवा आणि मधून दोन्हीकडे अंगठ्याने हवा बाहेर काढा. दोन्ही टोकांवर धाग्याची गुंडाळी येईल, ती कापडावर तीन-चार मिलिमीटर चढू द्या. कापडाची कड पाण्यापासून वाचते ती या गुंडाळीमुळे.

गुंडाळीत जरीची तार घालायची असेल तर ती जुन्या साडीतून ओढून काढू नका. तिला विणीची नागमोड पडलेली असते, ताण सहन होत नाही. येवल्याहून बारीक जरीची नवी छोटी रीळ आणा. तांब्यावर मुलामा दिलेल्या जरीला टोकाकडून ओल लागली की ती काळी पडते. अस्सल चांदीची परवडत नसेल तर पॉलिस्टरची चकचकीत जर घ्या. माझ्या मते पाण्यातल्या वस्तूसाठी तीच शहाणपणाची, आणि इपॉक्सीखाली फरक फार थोड्यांना कळतो. गुंडाळीचा ए नंबरचा नायलॉन धागा साधारण ०.१५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे दहा वेढे दीड मिलिमीटर भरतात. यावरून पट्टे आखा. मुख्य रंगाचे वेढे संपायच्या सहा-सात वेढे आधी जरीचं टोक त्यांच्याखाली घ्या, मुख्य धागा ब्लँकच्या लांबीत सरळ ठेवून त्याच्यावरून जरीचे तीन वेढे घ्या आणि मुख्य धागा पुन्हा वर आणा. सगळी टोकं खालच्या अंगाला, कापडाच्या सांध्याच्या रेषेत. जरीला ताण कमी द्या, नाहीतर तार उसवून आतला धागा उघडा पडतो. जरीला प्रिझर्व्हरची गरज नाही, तिच्या कडेच्या रंगीत नायलॉनला आहे.

मुठीच्या पुढे पैठणीच्या नारळी काठाची आठवण करून देणारे चौकट वेढे घ्यायचे असतील तर एक हिशोब लक्षात ठेवा. ब्लँकच्या वरच्या आणि खालच्या रेषेवर खुणा करा आणि एकाच रेषेवरच्या दोन खुणांतलं अंतर परिघाएवढं ठेवा. खालच्या रेषेवरच्या खुणा वरच्या दोन खुणांच्या बरोबर मध्ये येतात. मग धागे ४५ अंशांनी जातात आणि चौकटी काटकोनी पडतात. अंतर वाढवलं तर चौकटी लांबट होतात. पहिल्याच रॉडवर चारपेक्षा जास्त चौकटी करू नका, डोळे आणि हात दोन्ही थकतात आणि पाचवी वाकडी जाते.

मोरपीस. सुंदर दिसतं आणि ते इपॉक्सीखाली खूप वर्षं टिकतं. पण आधी कायद्याचं बोलू. मोर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. आपोआप गळालेलं शेपटीचं पीस देशात बाळगायला हरकत नाही, देशाबाहेर न्यायला बंदी आहे. तुमचा भाऊ दुबईला असतो असं तुम्ही लिहिलंय, तर हा रॉड त्याच्याकडे कधी पाठवू नका. मानेची निळी पिसं कुणी विकायला आणली तर घेऊ नका, ती मोर मेल्याशिवाय एवढ्या संख्येने मिळत नाहीत.

मला स्वतःला या कामाला गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं जास्त आवडतात. चपटी, निमुळती, तांबूस सोनेरी, पैठणीशेजारी भांडत नाहीत. मोरपिसाचा डोळा १३ मिलिमीटरच्या नळीवर गुंडाळला की निम्मा मागे जातो आणि डोळ्यासारखा दिसतच नाही. मोराचंच हवं असेल तर डोळ्याच्या खालचे हिरवे सुटे तंतू घ्या आणि लांबीत पसरवा. पीस आधी सौम्य शाम्पूने धुवा, सावलीत वाळवा. मधली दांडी मागून ब्लेडने तासून कागदाएवढी पातळ करा, नाहीतर तिथे उंचवटा येतो आणि कितीही थर चढवा, तो दिसत राहतो. प्रिझर्व्हरने चिकटवा, ओल्या ब्रशने टोकाच्या दिशेने सपाट करा आणि बुडाशी धाग्याचे वेढे घ्या.

‘बाबा’ ही अक्षरं रील सीटच्या लाकडात करा. शिसव घ्या, पूर्ण सुकलेलं. लाकडात तार ठोकून बसवायचं काम उत्तर प्रदेशात मैनपुरीला पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, त्याला तारकशी म्हणतात, आणि तेही मुख्यतः शिसवातच. पितळेची चपटी पट्टी उभी धरून बारीक पटाशीने पाडलेल्या चिरेत ठोकायची, मग घासून लाकडाबरोबर आणायची. तुम्ही शब्द फार चांगला निवडलाय. शिरोरेषा म्हणजे एकच सरळ पट्टी, काने दोन, ब चे उभे दंड दोन. वळवायच्या फक्त ब च्या दोन वाट्या आणि त्यांच्या आतल्या तिरक्या रेघा. जुन्या नाशकात भांडी बाजाराच्या आसपास अर्ध्या मिलिमीटरचा पितळी पत्रा मिळतो, त्याच्या पट्ट्या स्वतः कापा. आधी पट्टी तापवून मऊ करा म्हणजे वाटी वळताना तुटणार नाही. चीर पट्टीपेक्षा किंचित अरुंद हवी, लाकडानेच पितळ धरून ठेवायला हवं, वरून पातळ सुपरग्लू फक्त मदतीला. लाकूड लेथवर आधी अंतिम मापापेक्षा अर्धा मिलिमीटर जाड ठेवा, अक्षरं बसवल्यावर हळू वेगात पॉलिश पेपरने मापाला आणा. पितळ तिथे जराही वर राहिलं तर रील सीटची सरकती टोपी अडकते. अक्षरं रीलच्या पायाखाली येणार नाहीत अशी बाजू निवडा. रॉड वडिलांसारखा हातात धरून बघा आणि मग पेन्सिलने लिहा.

सगळ्यात जास्त काम बिघडतं ते इपॉक्सीत आणि नाशिकची हवा त्यात स्वतःची भर घालते. जानेवारीत निफाडकडे पारा किती उतरतो ते दरवर्षी पेपरात येतंच. त्या थंडीत इपॉक्सी मधासारखी घट्ट होते, बुडबुडे सुटत नाहीत आणि दोन दिवस चिकट राहते. पावसाळ्यात दमट हवेत वर दुधाळ साय धरते. पंचवीस अंशांच्या आसपास, कोरड्या खोलीत काम करा. थंडीत बाटल्या दहा मिनिटं कोमट पाण्यात उभ्या ठेवा, दिव्याखाली खोली गरम करा. दोन्ही भाग समान मापाने घ्या, अंदाजाने नाही. मापाला औषधाच्या दुकानातली रबरी दट्ट्याची सिरिंज घेऊ नका. रबराला सिलिकॉनचं तेल असतं आणि त्याच्यामुळे थराला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. दट्ट्याही प्लॅस्टिकचाच असलेली दोन भागांची सिरिंज शोधा. हाताच्या तेलानेही तसेच डाग पडतात, म्हणून गुंडाळी झाल्यावर उघड्या हाताने शिवायचं नाही. चार मिनिटं सावकाश ढवळा, फेटू नका, मग ॲल्युमिनियमच्या फॉइलवर ओता म्हणजे पसरून बुडबुडे वर येतात. उरलेल्यांवर स्पिरिटच्या दिव्याची ज्योत लांबून क्षणभर फिरवा.

थर पातळ आणि जास्त. कापडावर मला साधारण चार लागतात, पिसावर तीन. रॉड मिनिटाला सहा-आठ फेऱ्यांनी फिरत राहायला हवा, निदान पाच-सहा तास, नाहीतर इपॉक्सी खाली ओघळते. जुन्या कूलरची गिअरवाली छोटी मोटर या कामाला उत्तम, तुम्हाला ती जोडायला सांगायची गरज नाही. दुसऱ्या थरानंतर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा. उंचवटे पांढुरके होतात, खळगे चकचकीत राहतात, त्यावरून पातळी कुठे कमी आहे ते कळतं. जरीपर्यंत घासत जाऊ नका. शिंपला किंवा इपॉक्सी, काहीही घासताना पाण्यातच घासा आणि तोंडाला मास्क लावा. ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. शेवटच्या थराची टोकं ब्रशने ओढून निमुळती करा.

सजावट आणि गाईड लावण्याआधी आणि सगळं झाल्यावर, दोन्ही वेळा टोकाला अर्धा किलोचं वजन बांधून रॉड भिंतीसमोर वाकवा आणि पेन्सिलने वाक आखा. दोन रेषा मुठीपाशी एकमेकींवर बसल्या तर जडावाने रॉडच्या चालीला धक्का लावलेला नाही. मुठीपाशीच फरक दिसला तर पुढच्या चौकटींवरचा थर जाड झालाय, घासून उतरवा. टोकाकडे गाईडमुळे थोडा फरक येईल, तो चालतो.

तुम्ही सोळा दिवस आहेत म्हणता. कापड आणि प्रिझर्व्हरला चार, गुंडाळ्यांना दोन, थरांना तीन. रील सीटचं लाकूड मधल्या वाळवणीच्या वेळात होईल. उरलेला आठवडा रॉडला नुसता पडून राहू द्या. बोटाला इपॉक्सी दुसऱ्या दिवशी कडक लागते, पण आतून मुरायला तिला सात दिवस लागतात. तोवर तो कापडी पिशवीत घालू नका, पिशवीची वीण वरच्या थरावर उमटते आणि मग काठाच्या नक्षीवर ती कायमची दिसत राहते.